थायरॉइडच्या गाठीत केंद्रक मोजतात ते कसं आणि कशासाठी

गळ्याला समोरच्या बाजूने गाठ लागते, पाणी गिळताना ती वर-खाली होते, आणि गाव सावंतवाडी असो, गुहागर असो की अलिबाग, पुढचा प्रवास साधारण सारखाच होतो. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन), गळ्याची सोनोग्राफी, आणि मग ‘सुई टाकून पाणी काढून तपासून घ्या’ असा सल्ला. काही दिवसांनी रिपोर्ट येतो आणि त्यात एखादं वाक्य असं असतं: ‘काही पेशींची केंद्रकं किंचित मोठी दिसतात, निश्चित निदान करता येत नाही.’ घरातले सगळे ते वाक्य पुन्हापुन्हा वाचतात. किंचित म्हणजे किती? मोठी म्हणजे कशापेक्षा? या दोन प्रश्नांना आकड्यांत उत्तर द्यायची एक पद्धत आहे. पेशीचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मोजायचं. ती पद्धत कशी चालते, कुठे कामाला येते आणि कुठे फसवते, ते इथे समजावून घेऊ.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. थायरॉइड ‘कमी’ आहे की ‘जास्त’ हे रक्त सांगतं. गाठ कसली आहे हे रक्त सहसा सांगत नाही. टीएसएच अगदी नॉर्मल असलेल्या माणसाच्या गाठीत कॅन्सर निघू शकतो, आणि टीएसएच पार बिघडलेल्याची गाठ अगदी साधी असू शकते. केंद्रकाचं माप हे फक्त गाठीच्या प्रश्नासाठी आहे. सकाळची गोळी ५० मायक्रोग्रॅमची घ्यायची की ७५ची, हे त्यावरून ठरत नाही.

किनाऱ्यावर दुसरीही एक समजूत पक्की आहे की रोज मासे खाणाऱ्याला थायरॉइडचं काही होत नाही. माशांतून आयोडीन मिळतं आणि आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड टळायला त्याची मदत होते, हे खरं. पण गाठी होण्याचं ते एकच कारण नाही. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या माणसांनाही गाठी होतात आणि त्यातल्या थोड्या कॅन्सरच्याही असतात. जाता जाता मिठाबद्दल. मिठागरातलं खडे मीठ समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नगण्य असतं. ते वरून मिसळावं लागतं, आणि ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम उरायला हवं असा आपल्याकडे नियम आहे.

पेशीत काय बघतात

थायरॉइड ही श्वासनलिकेच्या पुढ्यात बसलेली, साधारण १५ ते २० ग्रॅमची ग्रंथी. तिच्यात असंख्य बारीक पिशव्या (फॉलिकल) असतात. प्रत्येक पिशवीची भिंत पेशींच्या एकाच थराची, आणि आत कोलॉइड नावाचा दाट चिकट द्रव. भिंतीतल्या प्रत्येक पेशीत एक गोल केंद्रक असतं. त्याचा व्यास साधारण ७ ते ९ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ शेजारच्या तांबड्या रक्तपेशीएवढा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो पॅपिलरी प्रकार, आणि त्याचं निदान जवळजवळ पूर्णपणे केंद्रकाच्या रूपावर उभं असतं. केंद्रकं मोठी होतात, गोल न राहता लांबट होतात, दाटी करून एकमेकांवर चढतात. कडा वेडीवाकडी होते. गव्हाच्या दाण्याला असते तशी एक उभी खाच पडते. आतलं द्रव्य बारीक भुकटीसारखं फिकट दिसतं. काही केंद्रकांत पेशीद्रवाचा खिसा आत शिरून गोल खिडकीसारखी जागा तयार होते. यातल्या खिडक्या आणि खाचा डोळ्यांनी शोधायच्या असतात. मोजपट्टीला लागतात त्या गोष्टी आकार, लांबटपणा, कडेचा वेडेवाकडेपणा आणि केंद्रकाकेंद्रकांतला फरक.

डोळा इथे चांगलाच तयार असतो. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला उघड पॅपिलरी कॅन्सर ओळखायला कुठलंही माप लागत नाही, आणि उघड साध्या गाठीलाही लागत नाही. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. सुईच्या तपासणीचे निकाल जगभर बेथेस्डा पद्धतीने सहा गटांत लिहितात. अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी २००७ साली झालेल्या बैठकीतून ती पद्धत आली, आणि तिची तिसरी आवृत्ती २०२३ची. पहिला गट म्हणजे पेशी अपुऱ्या. दुसरा साधी गाठ, त्यात कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता सुमारे ४ टक्के. सहावा म्हणजे कॅन्सरच, शक्यता ९७ टक्के. पाचवा दाट संशयाचा, ७४ टक्के. जीव टांगणीला लागतो तो तिसऱ्या (पेशींचं रूप संदिग्ध) आणि चौथ्या (फॉलिक्युलर गाठ) गटात, जिथे ही शक्यता अनुक्रमे २२ आणि ३० टक्क्यांच्या आसपास असते. एक पॅथॉलॉजिस्ट ‘किंचित मोठी’ म्हणतो ते दुसऱ्याला नेहमीचंच वाटू शकतं. मापाचा उपयोग आहे तो इथे.

माप सुरू होतं ते स्लाइड बनवताना

सुई टोचण्याच्या क्षणापासून केंद्रकाचा आकार बदलायला लागतो, म्हणून हा भाग जरा सावकाश बघू.

२३ ते २७ गेजची बारीक सुई गाठीत घालून काही सेकंद पुढे-मागे हलवतात. सोनोग्राफीत बघत केलं तर नेम चुकत नाही. सुई आत असताना गिळायचं नाही आणि बोलायचं नाही, कारण ग्रंथी लगेच वर सरकते. दोन-तीन ठिकाणांहून थोडं थोडं घेतात. निघालेला थेंब काचेवर ठेवून दुसऱ्या काचेने अलगद पसरायचा. दाबून पसरला तर केंद्रकं फाटून लांब धागे होतात, आणि जाड ठेवला तर पेशी थरांवर थर चढून मोजण्याच्या कामातून जातात. स्लाइड पुरेशी मानायची तर तिच्यात पेशींचे निदान सहा पुंजके, आणि प्रत्येकात निदान दहा पेशी, नीट दिसायला हव्यात.

इथून दोन वाटा फुटतात. काही स्लाइड ओल्या असतानाच, काही सेकंदांच्या आत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायच्या आणि निदान १५ मिनिटं ठेवायच्या. त्या पुढे पापानिकोलाऊ पद्धतीने रंगवतात. बाकीच्या हवेत वाळवायच्या आणि गिम्साच्या पद्धतीने रंगवायच्या. हवेत वाळलेली पेशी काचेवर पसरून चपटी होते, म्हणून तिचं केंद्रक मोठं दिसतं. अल्कोहोलमध्ये पडलेली पेशी आखडते, तिचं केंद्रक लहान आणि आटोपशीर. एकाच गाठीच्या, एकाच दिवशीच्या दोन स्लाइडवर सरासरी वेगळी येते, आणि दोन्ही बरोबर असतात. चूक होते ती एका पद्धतीच्या आकड्याची दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी तुलना केली की.

ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात. तिथली मापं आणखी वेगळी. एक तर पेशी आक्रसतात. शिवाय काप केंद्रकाच्या मधोमध गेलेला असेल असं नाही. लिंबाच्या चकत्या केल्या तर पूर्ण व्यास फक्त मधल्या चकतीला मिळतो, कडेच्या लहानच येतात. कापातल्या केंद्रकांचंही तेच होतं. कापांवर ठरवलेला आकडा सुईच्या स्लाइडला लावणं म्हणजे चकतीवरून लिंबाचं माप सांगणं.

आता कोकणातला जुलै डोळ्यापुढे आणा. हवेत पाणी इतकं असतं की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि हवेत वाळवायची स्लाइडसुद्धा त्याच हवेत असते. ती झटपट वाळली तर पेशी छान पसरतात. रेंगाळत वाळली तर आखडतात, केंद्रकाची कड अस्पष्ट होते आणि आतला पोत बिघडतो. म्हणजे मे महिन्यातली स्लाइड आणि जुलैतली स्लाइड या दोन वेगळ्या पद्धतींच्या स्लाइड होऊन बसतात, लेबलवर नाव एकच असलं तरी. उपाय साधा आहे: थर पातळ, आणि पसरल्याबरोबर पंख्याचा किंवा ड्रायरचा गार झोत. गरम झोत नको, त्याने पेशी भाजतात.

अल्कोहोलचंही तसंच. बरणीचं झाकण उघडं राहिलं की स्पिरिट उडतं, उरलेलं हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि सकाळचं ९५ टक्के संध्याकाळपर्यंत ९५ राहत नाही. मग पेशी फुगतात. पावसाळ्यात रोज ताजं अल्कोहोल, घट्ट झाकण, आणि गिम्सासाठी लागणाऱ्या मिथेनॉलच्या मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटल्या, एवढं पाळलं तर बराच फरक पडतो. मिथेनॉलमध्ये पाणी शिरलं की गिम्साच्या स्लाइडवर तांबड्या रक्तपेशींत चकाकणाऱ्या पोकळ्या दिसू लागतात. त्या दिसल्या की बाटली बदलायची. भिंगांना बुरशी धरते, हे इथल्या प्रत्येक लॅबला माहीत असतं. बुरशीच्या जाळीतून केंद्रकाची कड पुसट दिसते आणि रेघ कुठे मारायची तेच कळत नाही. सूक्ष्मदर्शक बंद कपाटात, आत सिलिका जेल ठेवून किंवा लहान बल्ब लावून ठेवलेला बरा.

प्रत्यक्ष मोजणी

पहिलं काम मोजपट्टी जुळवायचं. स्टेज मायक्रोमीटर नावाची एक काच मिळते. तिच्यावर एक मिलिमीटर लांबीचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. ज्या भिंगातून केंद्रकं मोजायची त्याच भिंगातून, त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर या काचेचा फोटो घ्यायचा. समजा फोटोत १०० मायक्रॉनला ८०० पिक्सेल आले, तर एक पिक्सेल ०.१२५ मायक्रॉनचा. भिंग बदललं, कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन बदललं की हे पुन्हा करायचं.

मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून काढलेल्या फोटोंचा घोळ इथेच होतो. हात थोडा पुढे-मागे झाला किंवा झूम बदलला की प्रमाण बदलतं, आणि बघणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. त्यात फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला तर तो दाबून लहान होतो आणि पिक्सेलचा हिशोब निरर्थक ठरतो. मत विचारायला असा फोटो पाठवणं वेगळं, त्यावर मोजणं वेगळं. मोजायचंच असेल तर फोटोवर मायक्रॉनची रेघ आधीच छापून घ्यावी, म्हणजे फोटो आक्रसला तर रेघही तेवढीच आक्रसेल. आणि मूळ फाईल टिफमध्ये (चित्र न दाबणाऱ्या फाईलप्रकारात) ठेवावी.

भिंगाचीही मर्यादा आहे. नेहमीच्या ४० पट भिंगाला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे तपशील वेगळे दाखवता येतात, त्याहून बारीक नाही. केंद्रक ८ मायक्रॉनचं असेल आणि व्यासात अर्ध्या मायक्रॉनची चूक झाली, तर क्षेत्रफळात सुमारे १३ टक्क्यांची चूक होते. तेलाचं १०० पट भिंग वापरलं तर ही चूक साधारण निम्म्यावर येते. संगणकावर चित्र ताणून मोठं केल्याने ती कमी होत नाही.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. इमेज-जे हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. योगायोग असा की त्या संस्थेचं मुख्य आवारही बेथेस्डातच आहे. मायक्रोमीटरच्या फोटोवर सरळ रेघ ओढायची, ‘अ‍ॅनालाइझ’खालच्या ‘सेट स्केल’मध्ये ती किती मायक्रॉनची ते लिहायचं. ‘सेट मेजरमेंट्स’मध्ये क्षेत्रफळ, परीघ, आकाराची वैशिष्ट्यं आणि फेरेट व्यास (केंद्रकाची सर्वांत जास्त लांबी) यांवर खूण करायची. मग स्लाइडचा फोटो उघडून मुक्तहस्त रेघेने एकेका केंद्रकाची कड गिरवायची आणि ‘एम’ दाबायचं. माउसपेक्षा पेनची पाटी असेल तर हात स्थिर राहतो. असं शंभर वेळा करायचं, आणि त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो.

शंभरच का? समजा क्षेत्रफळाची सरासरी ६० चौरस मायक्रॉन आहे आणि केंद्रकाकेंद्रकांतला प्रमाणित फरक (सरासरीपासून आकडे साधारण किती इकडेतिकडे होतात ते) १५. पंचवीस मोजली तर सरासरीतली प्रमाणित त्रुटी (सरासरी साधारण किती चुकू शकते ते) ३, शंभर मोजली तर १.५. चूक निम्मी करायला काम चौपट करावं लागतं, त्यामुळे शंभरच्या पुढे कष्ट वाढत जातात आणि हाती थोडंच लागतं.

कुठली केंद्रकं मोजायची हा खरा कळीचा प्रश्न. एकमेकांवर चढलेली, फाटलेली, रक्तात बुडालेली, कड न दिसणारी सोडून द्यायची. पण उरलेल्यांपैकी जी समोर येईल ती मोजायची. स्लाइडच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून शेत नांगरतात तसं ओळीने जायचं, आणि एका दृश्यात बसणारी सगळी मोजायची. नजर आपोआप मोठ्या, विचित्र केंद्रकांकडे जाते. ती निवडून मोजली तर कुठलीही गाठ कॅन्सरची दिसू शकते. मोजणाऱ्याला सोनोग्राफीचा रिपोर्ट माहीत नसावा हे उत्तम. आणि दोघांनी तीच तीस केंद्रकं वेगवेगळी मोजून आकडे जुळतात का, हे अधूनमधून पाहावं.

आकडे काय सांगतात

क्षेत्रफळ सगळ्यांत उपयोगी, कारण ते फरक वाढवून दाखवतं. व्यास ८ चा १० मायक्रॉन झाला तर डोळ्याला ‘जरासं मोठं’ वाटतं, पण क्षेत्रफळ ५० वरून ७८.५ चौरस मायक्रॉनवर जातं, म्हणजे दीडपटीहून अधिक.

दुसरा आकडा वर्तुळपणाचा. क्षेत्रफळाला चार आणि पायने (π, म्हणजे सुमारे ३.१४) गुणायचं, आणि परीघाच्या वर्गाने भागायचं. अचूक वर्तुळाचं उत्तर १. यात एक बारकावा नेहमी निसटतो. १२ बाय ९ मायक्रॉनचं गुळगुळीत अंडाकृती केंद्रक घ्या. क्षेत्रफळ सुमारे ८५, परीघ सुमारे ३३, आणि वर्तुळपणा ०.९७! डोळ्यांना ते स्पष्ट लांबट दिसतं, आकडा मात्र जेमतेम हलतो. आता त्याच क्षेत्रफळाच्या केंद्रकाची कड घड्यांनी वेडीवाकडी होऊन परीघ ३८ झाला, तर आकडा ०.७४ वर घसरतो. म्हणजे वर्तुळपणा हा कडेच्या घड्यांचा साक्षीदार आहे, लांबटपणाचा नव्हे. लांबटपणासाठी लांबी भागिले रुंदी हेच गुणोत्तर वेगळं बघावं, इथे ते १.३३ येतं. आणि हात थरथरत कड गिरवली तर परीघ खोटा वाढतो, हेही ध्यानात ठेवायचं.

तिसरा आकडा विविधतेचा: प्रमाणित फरक भागिले सरासरी, टक्क्यांत. सगळी केंद्रकं सारखी मोठी आहेत की काही फार मोठी आणि काही लहान, हे त्यातून कळतं.

स्लाइडवरच हजर असलेली तांबडी रक्तपेशी पट्टी म्हणून वापरायची जुनी सवय आहे आणि ती चांगली आहे, कारण तीही त्याच हवेत वाळलेली असते. पण आपल्याकडे तिच्यात एक खोट आहे. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान होतात, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. थायरॉइडच्या गाठीही स्त्रियांतच जास्त. पट्टीच आखूड असेल तर केंद्रक मोठं भासणारच. म्हणून गुणोत्तर काढताना त्या बाईचं हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशींचा सरासरी आकार बघूनच काढावं.

आता रेषा कुठे मारायची? अमुक आकड्याच्या वर संशय, खाली निर्धास्त, असं सोपं उत्तर सगळ्यांना हवं असतं. साध्या गाठींचे आणि पॅपिलरी कॅन्सरचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे रेषा कुठेही मारली तरी दोन्हीकडे चुकीची माणसं राहतात. हिशोब करून बघू. तिसऱ्या गटातल्या शंभर गाठी घेतल्या, त्यांत २२ कॅन्सरच्या. समजा आपलं माप कॅन्सरच्या ८० टक्के गाठी पकडतं आणि साध्या गाठींपैकी ८० टक्क्यांना साध्याच म्हणतं. मग रेषेच्या वर १८ कॅन्सरच्या आणि १६ साध्या येतील, खाली ४ कॅन्सरच्या आणि ६२ साध्या. वर आलेल्यांत शक्यता २२ टक्क्यांवरून ५३ वर गेली, खालच्यांत ६ वर आली. ही मदत मोठी आहे. तरी वर आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कॅन्सर नाहीच, आणि खालच्या चौघांना आहे. हे ८० टक्के इथे मानून घेतलेले आहेत. प्रत्येक लॅबने आपल्या स्लाइड, आपला रंग, आपला कॅमेरा वापरून, ऑपरेशननंतर खात्री झालेल्या गाठींवर आपली रेषा ठरवायला हवी. दुसऱ्या शहरातल्या शोधनिबंधातला आकडा उचलून लावणं आमच्या मते धोक्याचं आहे.

जिथे माप हरतं

फॉलिक्युलर प्रकारच्या गाठी हे सर्वांत मोठं उदाहरण. साधी फॉलिक्युलर गाठ आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांतला फरक केंद्रकात नसतो. गाठीने आपलं आवरण फोडलं का, रक्तवाहिनीत शिरकाव केला का, यावर तो ठरतो. हापूसची पेटी वजनाप्रमाणे काटेकोर लावता येते, पण आतला साका, म्हणजे गरातला खराब भाग, वजनातून कळत नाही, फळ कापावंच लागतं. तसंच इथे गाठ काढून आवरणाचे काप तपासावे लागतात. या गाठींवर मोजणीचे प्रयोग १९८० पासून छापले गेले आहेत. सरासरीत फरक दिसतो, पण एका रुग्णाबद्दल ठामपणे बोलता येईल इतका नाही.

मोठं केंद्रक म्हणजे कॅन्सर असंही नाही. हाशिमोटोच्या आजारात (शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते तो आजार) लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गर्दीत मोठ्या केंद्रकांच्या, दाणेदार पेशी दिसतात आणि कधी खाचाही दिसतात. रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) घेतलेल्या किंवा थायरॉइड वाढल्याच्या गोळ्या बराच काळ घेतलेल्या माणसाची केंद्रकं राक्षसी आकाराची होऊ शकतात. पाण्याच्या गाठीच्या भिंतीतल्या, डागडुजी करणाऱ्या पेशीही लांबट आणि मोठ्या असतात. म्हणून आधीचे उपचार सुईच्या कागदावर लिहिलेले असायलाच हवेत. बरेचदा तिथे फक्त ‘गळ्याला गाठ’ एवढंच असतं. उलट बाजूने पाहिलं, तर ॲनाप्लास्टिक या थायरॉइडच्या दुर्मीळ, आक्रमक कॅन्सरची केंद्रकं इतकी अवाढव्य आणि विचित्र असतात की मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

२०१६ साली एका प्रकारच्या आवरणबंद गाठीच्या नावातून ‘कॅन्सर’ हा शब्द काढून टाकण्यात आला, कारण नीट काढल्यावर ती सहसा त्रास देत नाही. तिच्या निदानात केंद्रकाला तीनपैकी गुण देतात: आकार आणि रूप याला एक, कडेच्या वेडेवाकडेपणाला एक, आतल्या द्रव्याच्या फिकेपणाला एक. दोन किंवा तीन गुण हवेत. पहिले दोन गुण मोजपट्टीच्या आवाक्यातले आहेत. तिसऱ्यासाठी रंग दरवेळी सारखा चढावा लागतो, आणि ते अवघड असतं.

संगणक आता स्वतःच कड ओळखून हजारो केंद्रकं मोजतो. हात दुखत नाही, निवडीतला पक्षपात कमी होतो. पण ओलसर हवेत वाळलेली स्लाइड त्यालाही तशीच दिसते.

रुग्णाने काय बघावं, काय जपावं

रिपोर्टमध्ये माप दिलं असेल तर त्यासोबत निदान इतकं असावं: किती केंद्रकं मोजली, स्लाइड हवेत वाळवलेली की अल्कोहोलमधली, कुठला रंग, सरासरी आणि फरक, आणि त्याच लॅबच्या साध्या गाठींचे आकडे तुलनेला. नुसतं ‘सरासरी ७२’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही. बहुतेक रिपोर्टांत माप नसतंच, आणि त्यात लॅबची चूक नाही. पहिल्या-दुसऱ्या, पाचव्या-सहाव्या गटात त्याने निर्णय क्वचितच बदलतो. तिसऱ्या गटात मात्र सुई पुन्हा करायची, सोनोग्राफीतल्या खुणांवर लक्ष ठेवायचं, जनुकीय तपासणी करायची की अर्धी ग्रंथी काढायची, हे ठरवताना ते एक वजन म्हणून पारड्यात पडू शकतं. एकट्या मापावर ऑपरेशन ठरवू नये, आणि एकट्या मापावर ऑपरेशन टाळूही नये.

सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलला, रत्नागिरीतून कोल्हापूरला किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायला जाताना लोक रिपोर्टचा कागद नेतात आणि स्लाइड लॅबमध्येच राहतात. कागदावर पुन्हा काही मोजता येत नाही. लॅबकडून स्लाइड मागून घ्याव्यात, सही करून त्या मिळतात. ऑपरेशन झालं असेल तर मेणाचा ठोकळाही मागावा. स्लाइड प्लॅस्टिकच्या खाचांच्या डबीतच न्याव्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून नव्हे. नाव काचेच्या खरखरीत टोकावर पेन्सिलने लिहिलेलं असावं, कारण मार्करची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

न रंगवलेल्या, हवेत वाळवलेल्या स्लाइड आणि तुकड्याची फॉर्मॅलिनची बाटली एकाच पिशवीत कधीही ठेवू नये. झाकण बंद असलं तरी वाफ बाहेर येते, आणि ती लागलेल्या स्लाइडवर गिम्साचा रंग नीट चढत नाही. दोन्ही एकाच दिवशी एसटीने न्यायचं असेल तर दोन वेगळ्या पिशव्या कराव्यात.